चार बोटं आखूड

वर्षाचा शेवटचा महिना लागला की माणसांना काय काय सुचतं. कुणी घराला रंग काढतं, कुणी रजा टाकून कुठेतरी जाऊन येतं, कुणी नव्या वर्षापासून पहाटे उठायचा निश्चय करतं आणि त्या निश्चयाच्या आनंदात महिनाभर उशिरापर्यंत झोपून घेतं. आत्या यातलं काही करायची नाही. ती कपाटाच्या वरच्या फळीवरून लोकरीची पेटी खाली काढायची, खिडकीजवळची खुर्ची उजेडाकडे वळवायची आणि घरच्या माणसांचा निकाल लावायला बसायची.

तोंडाने ती याला 'थोडंसं विणकाम' म्हणायची. वर्षाच्या शेवटच्या दिवशी धाकट्या भावाच्या घरी सगळ्यांनी दुपारी जेवायला जमायचं आणि आत्याने प्रत्येकाच्या हातात स्वतः विणलेलं काहीतरी ठेवायचं, असा रिवाजच पडून गेला होता. ज्याने वर्षभर तिच्याशी नीट वागणूक ठेवली त्याला मऊ लोकर, नेटकी वीण, अंगासरसं बसणारं माप. ज्याने ठेवली नाही त्यालाही लोकरच, पण टोचणारी. आणि माप असं की आपलं काय चुकलं याची आठवण त्याला हिवाळाभर राहावी. भांडण तिला आवडत नसे. भांडणात समोरचाही बोलतो, ही त्यातली मोठी गैरसोय. स्वेटर उलटून बोलत नाही.

आता कुणी म्हणेल, मापं चुकलीही असतील. बाईमाणूस, वय झालेलं. तर असं म्हणणाऱ्याने तिला तिच्या कामावर पाहिलेलं नाही. चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे तिची हयात गेली होती, आणि अजूनही ती तिथेच होती. माणसाचा एक कान दुसऱ्यापेक्षा किंचित वर असतो हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नसतं; आत्याला ते माणूस दारातून आत येतानाच दिसायचं. काड्या जराशा वाकवून, नाकावरची गादी हलकेच दाबून ती चष्मा असा बसवून द्यायची की गिऱ्हाईक आरशात स्वतःलाच आवडायला लागायचं, आणि काही गिऱ्हाइकांच्या बाबतीत ते मुळीच सोपं नव्हतं. तिळाएवढे स्क्रू ती गप्पा मारता मारता बसवायची. अशा बाईच्या हातून बाही आखूड होते ती चुकून होत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळावं. निदान तिची तशी समजूत होती.

आणि कळतंय याचे पुरावेही तिला दर वर्षी मिळत होते. एका वर्षी भाच्याने, म्हणजे या भावाच्या मुलाने, तिला स्टेशनवर न्यायला येतो म्हणून सांगितलं आणि सामानासकट तिथे उभं करून ठेवलं. त्या डिसेंबरात त्याला हातमोज्यांचा जोड मिळाला, दोन्ही डाव्या हाताचे. त्याने ते घातले, हात पाठीमागे बांधले आणि "मस्त ऊब आहे गं, आत्या," म्हणाला. त्याचा ओशाळलेला चेहरा पाहून तिला वर्षाचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. वहिनीला दर वर्षी टोपी असायची. ती टोपी डोक्यात शिरायची, पण शिरल्यावर कपाळ ठणकायला लागेल इतपतच शिरायची. भावाचे अपराध सगळ्यांत मोठे आणि सगळ्यांत जुने, म्हणून त्याला स्वेटर. डावी बाही चार बोटं आखूड.

यंदाचा निकाल तर महिना लागायच्या आधीच तयार होता. भावाचा मुख्य गुन्हा असा की आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तो दोन दिवस फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो केळी घेऊन. तिच्या खाटेसमोरच्या टीव्हीवर त्याने सामना लावला, सामना रंगला तशी केळी खाल्ली, आणि सामना संपल्यावर "आराम कर हं ताई" म्हणून निघून गेला. सालं तेवढी आठवणीने टोपलीत टाकली, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. भाच्याने वाढदिवसाला तिला केकचं चित्र पाठवलं होतं. चित्र सुरेख होतं. त्यावर 'प्रिय मामांना अनेक शुभेच्छा' असं लिहिलेलं होतं. वहिनी एकदा फोनवर कुणाशी तरी बोलताना "ताईंचं काय, एकटा जीव" असं म्हणाली होती, आणि आत्या तेव्हा शेजारच्याच खोलीत बसलेली होती.

पण या सगळ्यांवर कडी केली ती भाचेसुनेने. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. पहिल्यांदा आत्याच्या घरी आली, लोकरीच्या कपाटासमोर उभी राहिली, सगळ्या रंगांवरून नजर फिरवली आणि गोड हसून म्हणाली, "वेळ छान जातो ना तुमचा?"

वेळ छान जातो. जणू आत्या स्टेशनच्या बाकावर बसली आहे आणि गाडी यायला अवकाश आहे. त्या दिवशी आत्याने तिला चहा दिला, बिस्किटं दिली, दारापर्यंत सोडायला गेली, आणि दार लावता लावता ठरवलं, पायपुसणं.

महिनाभर सुया चालल्या. विणताना वर्षाचं सिंहावलोकन आपोआप होई. टाका सुलट, टाका उलट, आणि मध्ये एकेकाचं वागणं. स्वतःच्या वर्षाचाही ती विचार करायची, नाही असं नाही. पण तो लवकर आटपायचा, कारण तिथे आक्षेप घ्यावा असं काही सापडायचं नाही. भाच्यासाठी मोजे झाले. एक पावलाच्या मापाचा, दुसरा टाचेशी येऊन थांबणारा. वहिनीला टोपीचा कंटाळा आला असेल म्हणून यंदा चहाच्या किटलीला झाकायला लोकरीचं टोपडं, किटलीच्या तोटीसाठी भोक नसलेलं. भावाचा स्वेटर करड्या, खरखरीत लोकरीचा. आणि उरल्यासुरल्या तुकड्यांचं, रंगाला रंग न जुळणारं, जाडजूड पायपुसणं.

शेवटच्या दिवशी ती कागदात गुंडाळलेली बोचकी घेऊन भावाच्या घरी पोचली. भावाचं घर तिसऱ्या मजल्यावर. दिवाणखान्यात जेवणाचं मोठं टेबल, त्याभोवती खुर्च्या, आणि तिच्या नेहमीच्या खुर्चीवर डोक्यावर येईल असा एक झगझगीत दिवा. हा दिवा दोन-तीन वर्षांपूर्वी आला होता. बाकी सगळे मंद उजेडात जेवायचे आणि आत्या एकटी पोलीस चौकशीला बसवल्यासारखी लखलखीत दिसायची. वाढताना वहिनी म्हणायची, "ताई, पाणी उजव्या हाताला आहे. डावीकडे वाटी, गरम आहे." घरातला मान, अशी आत्याने त्याची नोंद घेतली होती. माणसं घाबरून असली की अशी अदबीने वागतात.

जेवण झालं. बोचकी वाटली गेली. भावाने तिथल्या तिथे स्वेटर चढवला. डावं मनगट घड्याळासकट बाहेर राहिलं. तो आरशासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "वा. रंग काय निवडलायस, ताई."

"आवडला ना?" आत्याने विचारलं.

"आवडला म्हणजे काय. आता हिवाळाभर हाच."

भाच्याने मोजे घातले आणि एक पाय टेबलाखाली घेतला. वहिनीने किटलीचं टोपडं आत-बाहेरून पाहिलं, तोटीच्या जागी बोट फिरवलं, आणि "किती मऊ आहे, ताई," एवढंच म्हणाली. आत्या तृप्त मनाने हे सगळं पाहत होती. मग भाचेसुनेने तिचा कागद उघडला.

"किती गोड," ती म्हणाली. "हे सगळे रंग तुम्ही एकत्र कसे आणले?"

"पायपुसणं आहे ते," आत्या म्हणाली. काहीही संदिग्ध राहू नये म्हणून तिने शब्द नीट तोडून उच्चारला.

"यावर पाय कोण पुसेल? मी हॉलच्या भिंतीवर लावणार आहे." तिने नवऱ्याला ते उलगडून दाखवलं. "बाहेरची माणसं याचे किती पैसे मोजतात, ठाऊक आहे तुला?"

आत्याने तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. नव्हता. निर्लज्जपणा शोधला, तोही नव्हता. एवढ्यात भाचेसून उठली, आतून एक पुडकं घेऊन आली आणि आत्याच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "मीही तुमच्यासाठी केलंय. पहिलंच आहे हं."

आत मफलर होता. एका टोकाला वीतभर रुंद, पुढे पुढे निमुळता होत दुसऱ्या टोकाला जेमतेम तीन बोटं. मध्ये भोकं. एके ठिकाणी वीण इतकी घट्ट की कापड ताठ उभं राहत होतं, आणि लगेच पुढे इतकी सैल की त्यातून भाचेसुनेचा हसरा चेहरा दिसत होता.

आयुष्यात पहिल्यांदाच आत्याशी कुणीतरी तिच्या भाषेत बोलत होतं, आणि ती भाषा ऐकायला कशी लागते हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. निमुळता का? दिवसेंदिवस तुमची गरज कमी होत चालली आहे, असं म्हणायचंय का हिला? भोकं कशाची? तीन बोटंच का? चार का नाहीत? तिने मफलर उलटसुलट करून पाहिला. वहिनीने केक पुढे केला तर तो तसाच हातात धरून बसली.

भाचेसून ताटं-वाट्या घेऊन स्वयंपाकघरात गेली, तशी आत्याही उठली आणि पाठोपाठ गेली. भाचेसून ओट्याशी उभी राहून पेले पुसत होती.

"मफलर असा का केलास?" आत्याने सरळ विचारलं.

"असा म्हणजे?"

"निमुळता."

भाचेसुनेने जीभ चावली. "कळलं का तुम्हाला? टाके गळत गेले हो माझे. कुठे गळतायत तेच कळेना. व्हिडिओतली बाई भराभरा हात चालवते. मी याला म्हटलं, हे उसवते आणि विकतचं काहीतरी आणते. तर हा म्हणाला, दे तसंच, आत्याला कुठे दिसणार आहे." एवढं बोलून ती थांबली. पुसलेला पेला तिने पुन्हा पुसायला घेतला.

"काय दिसणार नाही मला?"

"काही नाही."

"तू आत्ता काय म्हणालीस?"

"आत्या, मी बोलायला नको होतं. मला सगळ्यांनी बजावून ठेवलं होतं." भाचेसून अगदी रडवेली झाली. "तुमच्या डोळ्यांचं. तुम्ही कुणाला सांगत नाही ना, दुकानात कळलं तर नोकरी जाईल म्हणून. माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही, खरंच. आणि मला तर त्याचं फार कौतुक वाटतं. डोळ्यांनी धड दिसत नसताना तुम्ही प्रत्येकासाठी विणता. एक बाही आखूड झाली, दोन्ही हातमोजे डावे झाले, तरी कुणी हसायचं नाही, असं मला साखरपुड्याच्या आधीच सांगितलंय घरात."

आत्या ओट्याला टेकली. भावाचा आनंद, भाच्याचे पाठीमागे बांधलेले हात, डोक्यावरचा तो दिवा, उजव्या हाताला असलेलं पाणी, सगळं तिच्यासमोर एकदम उलगडत गेलं. इतकी वर्षं तिने एकेकाला मोजून-मापून शिक्षा केल्या होत्या आणि या माणसांनी त्या दयेपोटी अंगावर घातल्या होत्या. एवढा अपमान तिचा कुणी मुद्दाम ठरवूनही करू शकलं नसतं.

ती ताडताड चालत दिवाणखान्यात गेली आणि मध्यभागी उभी राहिली.

"मला सगळं दिसतं," ती म्हणाली.

भाऊ सोफ्यावरून अर्धवट उठला. त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दारात भाचेसून मान खाली घालून उभी होती. "अगं ताई, दिसत नाही असं कोण म्हणालं?"

"तुझी डावी बाही चार बोटं आखूड आहे. मी ती मुद्दाम आखूड केलीय. दर वर्षी मुद्दाम करते."

"बरं, बरं," भाऊ म्हणाला, लहान मूल मी वाघ मारला म्हणून सांगतं तेव्हा म्हणतात तसं. "बस आधी. गुडघा दुखेल."

"बसत नाही. ते कॅलेंडर बघ भिंतीवरचं. खाली छापखान्याचं नाव आहे, आणि फोन नंबरातला शेवटचा आकडा पुसट उमटलाय. इथून वाचतेय मी."

भाचा समजुतीच्या सुरात म्हणाला, "आत्या, ते कॅलेंडर वर्षभर तिथेच आहे. पाठ झालं असेल. दुकानातला तो अक्षरांचा तक्ताही तुला पाठ आहेच की. त्यात वाईट काय आहे?"

"तू गप्प बस. तुला हातमोजे दिले होते ना, दोन्ही डावे? स्टेशनवर मला उभं केलं होतंस त्याबद्दल. आणि हे मोजे मामांना शुभेच्छा पाठवल्याबद्दल."

"कोणते मामा?" भाच्याने फोन काढला आणि बराच वेळ अंगठ्याने वर सरकवत राहिला. "हो की. पण आत्या, तू यावर 'खूप आवडलं' असं लिहिलंयस. पुढे फुलं टाकलीयस." तो हळूच आईकडे वळून म्हणाला, "बघ, हेही तिला दिसलं नव्हतं."

आत्याने मोर्चा भावाकडे वळवला. "आणि तू. हॉस्पिटलात केळी आणलीस ती कुणी खाल्ली?"

"कोणती केळी?" भावाने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. त्याचा चेहरा उजळला. "हां, तो सामना होता त्या दिवशी. काय सामना झाला होता, ताई. शेवटपर्यंत काही कळत नव्हतं."

म्हणजे गुन्हेगाराला गुन्हाही आठवत नव्हता. आत्या हताश होऊन त्या झगझगीत दिव्याखाली बसली. भाऊ तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि इतक्या मायेने बोलायला लागला की तिला पळून जावंसं वाटलं.

"ताई, आम्ही कधी काही बोललो का? बाही आखूड असली म्हणून काय झालं? ही लांब करून देते." त्याने बायकोकडे मान वळवली. "जरा ते जुने स्वेटर आण गं."

वहिनी इतका वेळ कोपऱ्यात संत्रं सोलत बसली होती. ती हात पुसून आत गेली आणि घडी घातलेले स्वेटर आणून तिने टेबलावर ठेवले. आत्याने एकेक उचलला. डाव्या बाह्या उजव्या बाह्यांएवढ्याच होत्या. जोड कुठे आहे ते सापडायला तिला बोट दोनदा फिरवावं लागलं. सगळ्यांत जुन्या स्वेटरवर तो जरा उघडा पडला होता, पुढच्या स्वेटरांवर हळूहळू नाहीसा होत गेला होता. तीच लोकर, तीच वीण. ज्या बाईला सुई कोणत्या बाजूने धरतात हेही ठाऊक नसावं अशी आत्याची खात्री होती, त्या बाईने हे केलं होतं.

"आणि आता चिडू नकोस," भाऊ म्हणाला. "शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एक डोळ्यांचा डॉक्टर आहे. तुमच्या दुकानाशी त्याचा काडीचा संबंध नाही. जानेवारीत वेळ घेतलीय. मी त्या दिवशी रजा टाकलीय."

या भावाने तिच्या गुडघ्यासाठी अर्ध्या दिवसाचीही रजा टाकली नव्हती. आत्याला त्यावर काहीतरी जहरी बोलायचं होतं. पण तो तिचा हात धरून बसला होता आणि त्याचं घड्याळ घातलेलं मनगट करड्या बाहीतून उघडं पडलं होतं, त्यावर थंडीने काटा आला होता.

तिला सोडायला वहिनी खाली आली. रस्त्यावर दुपार कलली होती. दुकानदार जुन्या वर्षाचा माल निम्म्या किमतीत काढून मोकळे होत होते. टॅक्सीची वाट पाहत दोघी फुटपाथच्या कडेला उभ्या राहिल्या. आत्या वहिनीला लग्नाच्या दिवसापासून अहो-जाहो करत आली होती. त्यात आदर कमी आणि अंतर जास्त होतं.

"तुम्हाला विणता येतं, हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"येत नव्हतं. शिकावं लागलं."

"वहिनी, तुम्हाला तरी पटतं ना, मला दिसतं ते?"

वहिनीने पदर सारखा केला. "ताई, किटलीच्या टोपड्याला तोटीचं भोक नाही. ही नजरचूक कशी असेल?"

आत्याने टॅक्सीसाठी वर केलेला हात खाली घेतला.

"मला पहिल्याच वर्षी कळलं होतं," वहिनी सांगू लागली. "टोपी घातली, कपाळ ठणकायला लागलं, आणि आठवलं की मूर्खासारखी मी तुमच्या पडद्यांना नावं ठेवली होती. यांच्या बाहीचंही तेव्हाच लक्षात आलं. यांच्या नाही आलं. हे म्हणाले, ताईचं असं कसं चुकलं? मी म्हटलं, डोळे अधू झाले असतील बिचाऱ्यांचे, बोलू नका."

"म्हणजे ही आवई तू उठवलीस?"

"मग काय करणार होते? खरं सांगितलं असतं तर यांनी मनाला लावून घेतलं असतं. तुम्ही येणं बंद केलं असतंत, यांचं जाणं बंद झालं असतं, आणि तुमचे निरोप यांना, यांचे तुम्हाला, असं करता करता माझे केस पांढरे झाले असते. त्यापेक्षा वर्षाला चार बोटं विणणं सोपं पडलं."

"आणि त्यासाठी मला आंधळी ठरवलंस."

"आंधळी नाही. अधू," वहिनीने शांतपणे सुधारलं.

"टोप्या कुठे गेल्या सगळ्या?"

"माझ्या आईकडे. तिचं डोकं लहान आहे, तिला अगदी बरोबर बसतात. तुमचं केवढं कौतुक आहे तिला. दर वर्षी विचारते, ताईंनी यंदा काय दिलं. आता टोपड्याचं काय सांगू, तेवढं मला सुचवा."

टॅक्सी आली. आत्या आत बसली. वहिनी खिडकीशी वाकून म्हणाली, "डॉक्टरकडे या मात्र. डोळे चांगले निघाले तर उत्तमच. उपचाराने गुण आला म्हणून मी यांना सांगेन. फक्त मग पुढच्या वर्षापासून बाह्या सारख्या याव्या लागतील, ताई. नाहीतर मी काय सांगणार?"

टॅक्सी सुरू झाली तेव्हा कुठे आत्याच्या ध्यानात आलं की दोन्हीकडून कोंडी झाली आहे. डोळे चांगले म्हणावं तर विणकामातून बोलता येणार नाही. बोलायचं म्हणावं तर जन्मभर अधू राहायचं. घरी पोचेपर्यंत ती याच विचारात होती. लबाडी हा आपला प्रांत, अशी तिची समजूत होती. त्यात भावजय इतकी वर्षं शेजारीच दुकान मांडून बसली होती आणि पाटी लावायचीही तिला गरज पडली नव्हती. राग यायला हवा होता. तो आलाही, पण त्यात कौतुक इतकं मिसळलेलं होतं की धड रागावता येईना.

नव्या वर्षाचे पहिले काही दिवस चमत्कारिक गेले. भाऊ रोज फोन करू लागला. पूर्वी तो महिन्यातून एकदा करायचा, तोही चावी हरवल्यावर, कारण जादा चावी आत्याकडे असे. आता तो विचारायचा, जेवलीस का, जिन्यातला दिवा चालू आहे ना, बाहेर पडताना शेजारणीला घेऊन जातेस ना. आत्या तुटक उत्तरं द्यायची आणि दुसऱ्या दिवशी फोनच्या वेळेला फोनच्या आसपास काहीतरी काम काढायची.

ठरलेल्या दिवशी भाऊ आणि वहिनी तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. दवाखाना नवा, पांढरा, आणि यंत्रं तिच्या दुकानातल्या यंत्रांपेक्षा भारी. डॉक्टर तरुण होता. त्याने तिला खुर्चीत बसवलं आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. भाऊ तिच्या मागे उभा होता. तो पुढे झाला आणि डॉक्टरच्या कानाशी लागून म्हणाला, "तिला तक्ते पाठ असतात. वेगळा असेल तर तो लावा."

डॉक्टरने वेगळा लावला. आत्याला तो खालपर्यंत स्वच्छ दिसत होता. सगळ्यांत खालच्या ओळीखाली कंपनीचं नाव होतं तेही, आणि तक्ता भिंतीवर डावीकडे केसभर कलता आहे हेही. ती सरळ वाचत गेली. शेवटच्या दोन ओळी राहिल्या तेव्हा ती थांबली. तक्त्याशेजारच्या आरशात तिला मागे उभा असलेला भाऊ दिसत होता. त्याने श्वास रोखून धरला होता. त्याच्या शेजारी वहिनी पर्स मांडीवर घेऊन बसली होती आणि अजिबात श्वास रोखून बसलेली नव्हती.

"पुढचं जरा अंधूक आहे," आत्या म्हणाली.

वहिनीने पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

डॉक्टरने भुवया उंचावल्या. नीट तपासायला हवं म्हणून त्याने तिच्या डोळ्यांत थेंब घातले, बराच वेळ डोळे मिटून बसवलं, मग यंत्रात पाहिलं. काळजीचं काही नाही, वयोमानाने थोडंफार होतं, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा, असं तो म्हणाला. थेंबांमुळे काही तास नीट दिसणार नाही, सांभाळून न्या.

बाहेर पडल्यावर आत्याला खरोखरच काही दिसेना. रस्ता होता, पण तो पाण्यात सांडलेल्या रंगांसारखा होता. ऊन डोळ्यांना झोंबत होतं. ज्या नजरेच्या जिवावर तिने आजवर साऱ्या जगाचं माप काढलं ती अशी एकाएकी रजेवर गेल्याने ती मनातून चांगलीच घाबरली; पण ते बोलून दाखवण्याइतकी अजून कुणाशी तिची सलगी झालेली नव्हती. भावाने तिला शेजारच्या एका हॉटेलात नेलं, भिंतीकडच्या खुर्चीवर बसवलं आणि मेन्यू कार्ड तिच्या हातात दिलं. मग चूक लक्षात येऊन काढून घेतलं आणि स्वतः वाचायला लागला.

त्याने अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. चहा, त्याचे प्रकार, प्रत्येकाची किंमत. कॉफी, गरम आणि थंड. मग सरबतं. लहानपणी शाळेत उभं करून धडा वाचायला लावत तसा तो एकसुरी, मन लावून वाचत होता. अडखळला की ओळ पुन्हा घेत होता. आत्याला शेवटचं असं कुणी कधी वाचून दाखवलं होतं, ते तिला आठवेना. तो शेवटच्या पानावर पोचला, गोड पदार्थ संपले, हॉटेलचा पत्ता आणि सुट्टीचा वारही त्याने वाचला, आणि कार्ड मिटून विचारलं, "मग काय मागवू?"

"पुन्हा वाच," आत्या म्हणाली. "मला नीट ऐकू आलं नाही."

भावाने चमकून बायकोकडे पाहिलं. "कानांचंही दाखवून घ्यायला हवं," तो हलक्या आवाजात तिला म्हणाला.

"घेऊ या," वहिनी म्हणाली. "तुम्ही वाचा आधी. जरा मोठ्याने."